खोकला सांगितला म्हणून

जव्हार
१९ जानेवारी १९७६

चि. बिलकीस हिस कुतुबुद्दीनकडून दुआ. वि. वि.

इकडे सर्व खुशाल असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. खुशाल कोणी नाही. शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.तून शरीफ एकटाच उतरला. तुझ्या सासूने आधी त्याच्या मागे पाहिलं, मग त्याच्या रिकाम्या हातांकडे, आणि ती ओट्यावर मटकन बसली. तिला वाटलं, नातू गेला. शरीफच्या तोंडून शब्द फुटेपर्यंत तिची काय दशा झाली ते मी पाहिलं आहे.

मग कळलं की हारुनचं ऑपरेशन झालंच नाही, आणि ते तुझ्यामुळे झालं नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं की पोराला खोकला आहे का. शरीफने नाही म्हणून सांगितलं. आणि तू, मागे उभी राहून, सगळ्या वॉर्डासमोर म्हणालीस की आहे. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडलंस. आमच्या घरात आजवर असं कोणी केलेलं नाही.

त्या तारखेसाठी मी इथल्या डॉक्टरांचे उंबरठे झिजवले. त्यांनी स्वतः मला बसवून समजावलं होतं की जांघेतली ही अंतर्गळाची गाठ एखाद्या दिवशी अडकली तर आतलं आतडं सडेल, आणि घाट उतरून ठाण्याला पोचेपर्यंत हाती काही राहणार नाही. हे तुला माहीत नव्हतं का? कुठल्या पोराला थंडीत खोकला नसतो? आणि आपली जागा मिळाली कोणाला, तर सूर्यमाळच्या कुठल्याशा बाईच्या मुलीला.

पुढची तारीख काय दिली ते कळव. गाठीवर नजर ठेव, पोराला रडू देऊ नकोस. कनीजला व जावईबापूंना दुआ सांग. तुला किती दुआ लिहायच्या ते राग उतरल्यावर बघेन.

कुतुबुद्दीन


ठाणे
२३ जानेवारी १९७६

जनाब अब्बा यांस बिलकीसचा सलाम. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. कनीज आपांनी ते मोठ्याने वाचायला घेतलं, अर्ध्यात थांबल्या आणि माझ्या हाती देऊन स्वयंपाकघरात गेल्या. बाकीचं मी वाचलं. आता माझं वाचा.

ऑपरेशनच्या दिवशी पहाटेपासून हारुनला दूध द्यायचं नाही असा हुकूम होता. भूल दिल्यावर पोटातलं दूध वर येतं आणि श्वासाच्या नळीत जातं, म्हणून. तो माझा खांदा चोखत होता, पदर ओढत होता, आणि मी त्याला तोडून लांब धरत होते. नर्सबाईंनी त्याच्या गळ्यातला तावीज सोडवून माझ्या पदराला बांधला, काजळ पुसलं, दवाखान्याचं झबलं घातलं. सगळी तयारी झाली होती. मग डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी छातीला नळी लावली आणि खोकल्याचं विचारलं. हारुनचे अब्बा म्हणाले, नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, रात्री वगैरे? ते म्हणाले, अजिबात नाही.

अब्बा, आदल्या रात्री खोकून खोकून पोर लाल झालं होतं, तेव्हा त्याला खांद्यावर घेऊन कनीज आपांच्या अंगणात फेऱ्या कोणी मारल्या? त्यांनीच. मी आले तर मला म्हणाले, तू नीज. आणि सकाळी तोच माणूस मान हलवून नाही म्हणतो. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांना शरम वाटेल म्हणून गप्प बसावं असं माझ्या मनात आलंसुद्धा. पण डॉक्टरीणबाईंनी पोराला उचलायला हात पुढे केले, आणि मी बोलले.

त्यांनी सांगितलं की छातीत कफ असताना भूल दिली तर एवढ्याशा पोराचा श्वास टेबलावरच अडकू शकतो. खोकला जाईपर्यंत थांबा, आणि गाठ कडक झाली तर तारखेची वाट न बघता धावत या.

हारुनचे अब्बा खोटं का बोलले, तेही लिहिते. जव्हारच्या स्टँडवर तुम्ही त्यांना बजावलंत की ऑपरेशन झाल्याशिवाय तोंड दाखवू नकोस. त्या सकाळी ते डॉक्टरांशी बोलतच नव्हते. ते तुमच्याशी बोलत होते. नंतर दवाखान्याच्या आवारात त्यांनी गाठोडं माझ्या पायाशी ठेवलं आणि स्टँडची वाट धरली. मागे वळून पोराकडेही पाहिलं नाही. चारचौघांचं म्हणाल, तर तेही चारचौघांनी पाहिलं.

आणि ती कुठलीशी बाई नाही. तिचं नाव चैती. तिचा नवरा नवशा मोखाड्याच्या बाजारात आपल्याच पत्रेकामाच्या दुकानावरून रॉकेलच्या चिमण्या नेतो. मुलीचा ओठ जन्मापासून फाटलेला, ती चमच्याने थेंब थेंब दूध पाजते. तिचा नंबर लागला याचं मला वाईट वाटत नाही.

पुढची तारीख अजून नाही. अम्मांना सलाम. तुमची दुआ हारुनला तरी पुरती लिहा.

बिलकीस


जव्हार
२७ जानेवारी १९७६

चि. बिलकीस हिस,

सातवी शिकलेली सून आणली तेव्हा लोक म्हणाले होते, कुतुबमियाँ, लिहिती सून आणि धारेची कात्री जपून ठेवायची असते. मी हसलो होतो. सासऱ्याला असं पत्र या गावात कोणी लिहिलं असेल असं वाटत नाही.

होय, मी स्टँडवर तसं म्हणालो. बाप पोराला असंच म्हणतो. त्याचा अर्थ त्याने खोटं बोलावं असा होत नाही, आणि तू त्याला उघडं पाडावं असाही होत नाही. त्याला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. घरातली गोष्ट घरात मिटली असती.

शरीफ काल मोखाड्याच्या बाजारात दुकान मांडून नुसता बसून होता. गिऱ्हाईक डबा उचलून बघतं, ठेवून जातं, हा तोंड उघडत नाही. जेवायला बसला की तुझी सासू हारुनचं नाव काढते आणि हा ताटावरून उठतो. मी जा म्हटलं तर म्हणतो, तिथे माझा शब्द कोण धरणार, तिलाच विचारतील. सही बापाची लागते ना? मग तू त्याला चार ओळी लिही की चुकलं. त्याशिवाय तो येणार नाही आणि मी त्याला पाठवणार नाही.

नाहीतर पोराला घेऊन सरळ घरी ये. जामसरला एक जण अशा गाठीवर पट्टा बांधून देतो. त्याने मोठी माणसं बरी झालेली आहेत. तुझी सासू म्हणते, पट्टा नको, पोर कोवळं आहे. तिचंही डोकं तुझ्यासारखं चालायला लागलं आहे.

उत्तराची वाट बघतो. कनीजला दुआ.

कुतुबुद्दीन


ठाणे
२ फेब्रुवारी १९७६

जनाब अब्बा यांस,

हारुन जिवंत आहे. सलामाच्या आधी हे लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना अम्मांचा जीव टांगणीला लागणार नाही.

शनिवारी दुपारी त्याला खोकल्याची उबळ आली आणि मागोमाग तो रडला, पण नेहमीसारखा नाही. गाठ सुपारीसारखी कडक झाली होती. एरवी निजवून हलके दाबलं की ती आत जाते. त्या दिवशी हात लावू देईना. मग हिरवी उलटी झाली. कनीज आपांनी टांगा बोलावला. वाटेत त्याचं रडणं ऐकवेना म्हणून त्यांनी बोटाने साखरपाणी चाटवलं. मी नको म्हटलं, तोवर त्याने घोट घेतला होता.

दवाखान्यात त्याचे पाय उंच करून गाठ आत ढकलून पाहिली. गेली नाही. आता लगेच कापावं लागेल म्हणाले. त्याच डॉक्टरीणबाई आल्या, आणि तेच प्रश्न. कनीज आपांनी माझ्या दंडाला चिमटा काढला. त्यांना वाटलं, हिने सांगितलं तर पुन्हा परत पाठवतील. मला तेच वाटत होतं, अब्बा. तरी मी सांगितलं की खोकला अजून आहे, दुपारी दूध प्यायला, आणि आत्ता टांग्यात साखरपाणी. डॉक्टरीणबाई माझ्यावरच कडाडल्या, की पोराच्या जिवावर उठला आहात का सगळे. मी खाली मान घालून ऐकलं. मग त्यांनी नाकातून नळी घालून त्याचं पोट रिकामं केलं आणि म्हणाल्या की आता थांबता येणार नाही, खोकल्यासकट घ्यायचा आहे, पण काय काय आहे ते मला ठाऊक आहे.

कारकुनाने विचारलं, बाप कुठे. मी म्हटलं, जव्हारला, रागावून बसलाय. तुमचे जावई तार करायला निघाले होते, मीच अडवलं. पोर आत असताना मला कोणाची वाट बघायची नव्हती. सही मी केली. डॉक्टर म्हणाले, आई आहे ना, पुरे. त्या एवढ्याशा सहीसाठी तुम्ही मला माफी मागायला लावत होता.

बाहेर बाकावर चैती येऊन बसली. तिच्या मुलीच्या ओठावर टाक्यांचे व्रण आहेत, पण आता ती तोंड मिटू शकते. चैतीने विचारलं, नवरा कुठंय. मी म्हटलं, मोखाड्याला बाजारात असेल. ती म्हणाली, माझाबी तिथंच असल.

आतडं काळं पडायला लागलं होतं. ऊन पाण्याचं कापड ठेवून ठेवून त्याचा रंग परत आला तेव्हा त्यांनी ते आत घातलं. हारुन शुद्धीवर येताना आधी खोकला, मग रडला. तो खोकला ऐकून मी भिंतीला धरून बसले.

गाठ अडकेल असं तुम्ही म्हणाला होता, ती अडकली. तुमचा शब्द खरा ठरला. त्याने माझा खोटा ठरत नाही. त्या पहिल्या दिवशी भूल दिली असती तर काय झालं असतं, मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. तेव्हा ते तुम्हीही मला सांगू नका.

चार ओळी मागितल्या होत्यात. त्या लिहिणार नाही. अम्मांना सलाम, त्यांना म्हणावं तो दूध ओढायला लागला आहे.

बिलकीस


ठाणे
७ फेब्रुवारी १९७६

जनाब अब्बा व अम्मा यांस शरीफचा सलाम. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुम्ही बिलकीसचं पत्र माझ्या हातात दिलंत आणि पुन्हा पत्रा ठोकायला बसलात, एक शब्द बोलला नाहीत. मी बाजारचं दुकान तसंच बांधून निघालो. बोलला असतात तर कदाचित निघालो नसतो.

हारुन हडकला आहे. मला बघून हसला नाही, पण रडलाही नाही. बिलकीसने वर पाहिलं, पोर माझ्या हाती दिलं आणि धुणं घेऊन गेली. मी घरी जाऊन काय काय म्हणालो ते तिला तुमच्या पत्रांतून सगळं ठाऊक आहे, त्यामुळे मला सांगण्यासारखं काही उरलं नाही. कनीज आपा म्हणतात, थोडं थांब. मी थांबलो आहे.

आज सकाळी डॉक्टर सुट्टी द्यायला आले. टाके बघितले, खूश झाले, आणि माझ्याकडे वळून विचारलं, रात्री ताप वगैरे? अम्मा, तुम्ही दाराशी वाट बघत असाल हे मला माहीत होतं. एस.टी.ची वेळही जवळ आली होती. बिलकीस पलीकडे उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, मी कालच आलो, रात्री बायकांच्या वॉर्डात मला राहू देत नाहीत, मला ठाऊक नाही, तिला विचारा.

तिने सांगितलं की पहाटे अंग गरम होतं.

सुट्टी पुढे गेली आहे. अब्बा, यावर राग आला तर या वेळी पत्र माझ्या नावाने लिहा. मी या दोघांबरोबरच येईन, त्यांच्या आधी नाही.

लोभ कमी झाला असेल, तर असेल तेवढा राहू द्यावा.

शरीफ