लक्झरीला लागलेला मच्छिंद्र

जुना जालना,
रविवार, दि. १३ मार्च १९९४

चि. मच्छिंद्र यास,

बुधवार, दि. १२ जानेवारी १९९४ रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तू पुण्याहून पुंजारामच्या कापडदुकानात फोन केलास, आणि त्या घटकेपासून आपल्या घराची अब्रू रस्त्यावर आली. वेळ अचूक आहे. मी तेव्हा दुकानातच ब्लाउजपीसचा रंग जुळवत होते आणि माझा एक डोळा घड्याळावर होता (साडेअकराला नळ येतो). अपराधाची नोंद झाली, आता मावशीचे अनेक आशीर्वाद घे. तुझी प्रकृती कशी आहे? तिकडे बर्फ पडतो म्हणे. कान झाकून फिरत जा, तुझे कान आजोबांवर गेले आहेत, त्यांना वारा जास्त लागतो. माझे गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. जिभेला काही झालेले नाही, हे तुझी आई विचारल्याशिवायही सांगते.

तर त्या फोनचा निरोप घरी पोचला तो असा : मच्छिंद्र लक्झरीला लागला, मंगळवारी निघतो. पुंजारामच्या कानात कापसाची गाठ बसलेली आहे, हे मी गेला महिनाभर गल्लीत सांगते आहे. बाहेरदेशी अर्ज केल्याचे तू कोणाला कळवले नव्हतेस (हा दुसरा अपराध) आणि तुझ्या पुण्याच्या खोलीवर फोन नाही, त्यामुळे परत विचारायची सोय नव्हती. लक्झरी म्हणजे पुण्याला जाणारी खाजगी बस, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आता पोलादाचा इंजिनियर झालेला मुलगा लक्झरीला लागला म्हणजे नेमका कशाला लागला? ड्रायव्हर म्हणून तुला कोणी घेणार नाही, तुला अजून सायकल वळवता येत नाही. राहता राहिला क्लीनर.

उषाने (तुझ्या आईने, माझ्या धाकट्या बहिणीने) एक दिवस डोळ्यांना पदर लावला आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला पुण्याच्या लक्झऱ्या थांबतात तिथे भाकरी-भाजीचा डबा घेऊन उभी राहू लागली. आठ दिवस! दारात लोंबकळणाऱ्या प्रत्येक पोराला विचारायची, "बाबा, तुमच्यात नवीन लागलेला मच्छिंद्र कोणता?" पाचव्या दिवशी एक म्हणाला, "आहे ना मावशी, मागच्या गाडीवर आहे, औरंगाबादला उतरला." तिने डबा त्याच्याकडे दिला. दुसऱ्या दिवशी डबा धुऊन परत आला, सोबत निरोप, की भाजीत मीठ कमी होतं. उषाला तर खात्रीच पटली, कारण तूही हेच म्हणतोस. तो मच्छिंद्र कोण होता देव जाणे. चार दिवस त्याने तुझ्या वाट्याची वांगी खाल्ली.

एवढ्यावर भागले असते तर मी हे पत्र लिहिले नसते. पण बातमी बसने जाते, तशी घनसावंगीलाही गेली. बेबीनंदाचे स्थळ तू दिवाळीत पाहून आलास (आणि आल्यावर तीनदा "तिकडचा ऊस कसा आहे" अशी चौकशी केलीस, ती उसाची नव्हती हे मला कळले होते). सुपारी फोडायचे तेवढे राहिले होते. जानेवारी संपता संपता मुलीचे वडील रामकिसनराव स्वतः आले. चहा घेतला नाही. म्हणाले, "बाई, पोरगा लाखात एक हाय. पन लक्झरीवर पोरगी देत न्हाई म्या. आज हितं, उद्या तिथं. टायर पंचर झालं की संसार रस्त्यावर." त्यांचा चहा मी तसाच आत नेला. तुझ्या आईने त्या रात्री जेवणाचे ताट बाजूला सारले.

नऊ फेब्रुवारीला तुझे पत्र आले. तिकिटावर एका टापटीप गृहस्थाचे डोके आणि खाली देशाचे नाव. उषाने पाकीट उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "अक्का, ही लक्झरी लईच लांब गेली गं."

मी नाव वाचले आणि लाजेने खाली बसले. लक्झेंबर्ग! एकतीस वर्षे मी भूगोल शिकवला आणि हा देश मी नेहमी एका श्वासात उरकला : बेल्जियम, हॉलंड, लक्झेंबर्ग इत्यादी. घंटा व्हायला आलेली असायची. त्या इत्यादीच्या उंबऱ्यावर एक दिवस माझा भाचा जाऊन बसेल हे मला कोणी सांगितले होते? दुसऱ्या दिवशी माझ्या जुन्या शाळेत गेले. इंग्रजी ज्ञानकोशाचा तो भाग कपाटाचा पाय म्हणून वापरात होता. काढून घेतला (कपाट आता कलले आहे). दोन दिवस मुलीसारखा अभ्यास केला आणि युरोपचा भिंतीवरचा नकाशा गुंडाळून घेऊन घनसावंगीच्या जीपमध्ये बसले. नकाशा माझ्याहून लांब. एक टोक ड्रायव्हरच्या मानेशी आणि दुसरे मागच्या बाईच्या कोंबडीशी, असा युरोप अंबडवरून घनसावंगीला गेला.

रामकिसनरावांच्या ओसरीवर नकाशा टांगला, छडी उचलली, आणि पाहते तर काय, देश नाही! फ्रान्स आहे, जर्मनी आहे, बेल्जियम आहे, आणि तिघांच्या मधोमध एक भोक. आरपार मागची भिंत दिसत होती. (उंदरांचा प्रताप. शाळेचे शिपाई काय करतात?) रामकिसनराव वाकून बघत म्हणाले, "बाई, देश हाय का उंदरानं खाल्ला?" मी म्हटले, खाल्ला असेल तरी तो तिथेच होता, खाली बसा. आणि ते खाली बसले! त्यांच्या मातोश्री सोनूबाई, शेजारपाजारचे दहा-बारा जण आणि दाराआडून बेबीनंदा, असा वर्ग भरला.

क्षेत्रफळ सांगितले : आपल्या जालना जिल्ह्याचा तिसरा हिस्सा. वस्ती चार लाख. वर डोंगर आणि रान, खाली सुपीक भाग, त्याचे नावच त्यांच्या भाषेत ‘चांगली जमीन’. "काळी का मुरमाड?" असा प्रश्न आला, तो ज्ञानकोशाने टाळला आहे, तू कळव. ऊस होत नाही म्हटल्यावर वर्गात शोककळा पसरली, पण पूर्वेच्या नदीकाठी द्राक्षे होतात म्हटल्यावर जरा धीर आला. समुद्र नाही, हे सोनूबाईंना फार आवडले. "बरं झालं, बुडायचं भ्या न्हाई." राज्यकारभार सांगताना मी म्हटले, वर एक ग्रँड ड्यूक असतो, राजाहून एक पायरी खाली, वंशपरंपरेने. सोनूबाईंनी निजामाचे दिवस पाहिलेले. त्या म्हणाल्या, "म्हंजी निजामच की. आपला गेला, त्यायचा राह्यला." मी म्हटले, हा नुसता सही करतो, कारभार निवडून आलेले साठ जण बघतात. "साठच?" रामकिसनराव म्हणाले, "ही तर आमच्याकडं लग्नाची एक पंगत झाली." आणि मत देणे तिथे सक्तीचे आहे, नाही दिले तर दंड होतो, हे ऐकून शेजारचे एक गृहस्थ गहिवरून म्हणाले, "मंग मतासाठी पाजावं लागत न्हाई?"

भाषा तीन. घरात एक, कचेरीत दुसरी, वर्तमानपत्रात तिसरी. यात कोणालाच नवल वाटले नाही. घरात मराठी, बाजारात हिंदी, आणि वडिलांच्या जमिनीचे कागद उर्दूत, अशी ही माणसे. अर्थव्यवस्था लोखंडाची, दक्षिणेकडे मातीच लाल आहे, आणि आता बँकांचीही. इथे रामकिसनरावांनी मला अडवले. "पोरगा तिथं लोखंडच करून राह्यला ना? लोखंड तर जालन्यातबी हाय. मंग एवढ्या लांब कशाला?" मी सांगितले, शेजारच्या तीन देशांतून रोज सकाळी हजारो माणसे त्या देशात कामाला येतात आणि संध्याकाळी घरी जातात, जशी आपल्याकडे बदनापूर स्टेशनवरून जातात तशी. ते म्हणाले, "परदेशातून सांच्याला घरी? मंग परदेश कसला त्यो!" आणि वर्ग हसला. मीही हसले. आता जिंकले असे मला वाटले.

तेवढ्यात सोनूबाईंनी विचारले, "बाई, तुमचं समदं बराबर हाय. पन पोरगी तापानं फनफनली तर तिला तिथं पानी कोन देईन?"

मच्छिंद्र, याचे उत्तर त्या नकाशात कुठेच नव्हते. मी छडी खाली ठेवली. माझा भाचा देईल, असे म्हणणार होते, पण तुला पाणी तरी उकळता येते का, हे मला माहीत नाही, आणि शिक्षिकेने अंदाजे उत्तर देऊ नये. मग बेबीनंदा आतून आली. येताना आरशाला चिकटवलेली एक टिकली काढून आणली होती. ती तिने त्या भोकावर बसवली, अंगठ्याने दाबली आणि आजीला म्हणाली, "आजे, हे बघ, हितं. आता सापडंल." बस्स. पुन्हा आत गेली.

रामकिसनरावांनी त्या टिकलीवर बोट ठेवून पाहिले. मग म्हणाले, "बाई, लक्झरीवर न्हाई देत. लक्झेंबर्गावर देतो." सुपारी रविवारी १७ एप्रिलला फुटते आहे. त्यासाठी तू लागत नाहीस, तुझा होकार आम्ही उसावरून धरला आहे.

आता रागवायचे संपले. खरे सांगायचे तर मी तुझी आणि तुझ्या त्या चिमुकल्या देशाची ऋणी आहे. निवृत्त होऊन तीन वर्षे झाली. या तीन वर्षांत मला कोणी "बाई, परत सांगा" असे म्हटले नव्हते. निघताना सोनूबाई म्हणाल्या, "बाई, त्यो निजामाचा भाग परत सांगा." मी परत सांगितला आणि शेवटची जीप चुकवली. त्यांनी मुक्कामाला ठेवून घेतले, सकाळी पुन्हा सांगितला. तुझी आई आता दोन वेळा जेवते आणि भाजीत मीठ जास्त टाकते. त्या तिकिटावरच्या ग्रँड ड्यूक गृहस्थांची कधी गाठ पडली (देश एवढासा, भाजी आणताना पडायला हरकत नाही), तर जालन्याच्या एका निवृत्त बाईने आभार मानले आहेत असे सांग.

तुझी मावशी,
प्रभावती

ता. क. : नकाशाच्या भोकाबद्दल मी उंदरांना दोष दिला. ते उंदरांचे काम नाही. पॅरिस दाखवून झाले की मी छडीचे टोक एकतीस वर्षे त्याच जागी टेकवून उभी राहत असे. नकाशा अजून शाळेला परत दिलेला नाही. टिकली काढवत नाही.

आणखी ता. क. : पुंजारामच्या कानात कापसाची गाठ नाही. त्या दिवशी त्याने रिसीव्हर खाली ठेवला आणि अगदी स्पष्ट म्हणाला, "बाई, मच्छिंद्रला लक्झेंबर्गला नोकरी लागली." मी चार गिऱ्हाइकांसमोर हसले. म्हटले, "पुंजाराम, शब्द लक्झरी असा आहे. आम्हाला सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात नन्सनी जिभेखाली बोर ठेवून उच्चार शिकवले आहेत." तो सातवीत माझ्याच हाताखाली शिकला. म्हणाला, "तुम्ही म्हणता तर तसंच असंल, बाई." गेला महिनाभर मी त्याला गल्लीत बहिरा ठरवते आहे आणि तो एक शब्द बोललेला नाही. उलट त्या दिवशी युरोप खांद्यावर घेऊन तोच मला जीपपर्यंत पोचवायला आला होता. १७ तारखेला तो आपल्याकडून घनसावंगीला येणार आहे. तिथेही तो काही बोलणार नाही, आणि तेच मला सहन होणार नाही.

माफी मी मागणार आहे, सुपारी फुटण्याआधी, सर्वांदेखत. पण एकतीस वर्षे शिकवलेली बाई विद्यार्थ्यासमोर अगदीच रिकाम्या हाताने कशी जाणार? तरी १२ जानेवारीला त्या फोनवर भयंकर खरखर होती आणि ‘लक्झेंबर्ग’ हा शब्द कोणालाही नीट कळणे शक्य नव्हते, असे तुझ्या सहीनिशी, मोठ्या अक्षरात, शुक्रवार, दि. १५ एप्रिल १९९४ च्या टपालापर्यंत माझ्या हाती पडेल अशा बेताने कळव. उत्तर लेखीच हवे. फोन करू नकोस.