दोन बोटं सैल

३ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

चिंगीला घरी आणून आठवडा झाला. दिवस भरायच्या आधीच आलेली पोर, तेव्हा हॉस्पिटलात रोज मोजमाप चालायचं. वजनाच्या काट्यावर ही गप्प पडून राही. पण लांबी मोजायला नर्सबाईंनी पाय सरळ धरले की लगेच बेडकासारखे आवळून घेई. घरी सोडताना वजन दोन किलोला जरा कमी होतं आणि डोक्याचा घेर बत्तीस सेंटीमीटर. वजन, लांबी, डोकं, तिन्ही हळूहळू वर गेली म्हणजे पोर रांगेला लागली, असं नर्सबाई म्हणाल्या.

आता पुढच्या तपासणीपर्यंत थांबायचं, तर मला कुठला धीर. काल तुम्ही दिलेली टेप काढली आणि शिवणाच्या दुकानात शिकवलंत तसं डोक्याचं माप घेतलं. साडेचौतीस भरलं. हे तर आत्तापासूनच ऐटीत चालायला लागलेत.

इथे गारठा आहे, एक टोपी शिवून पाठवा. पायाचं प्लास्टर निघेपर्यंत आईचं ऐका. लोभ आहेच, त्यातला थोडा चिंगीकडे वळवावा.

तुमची बारकी

८ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

साडेचौतीस वाचून मी तुझ्या आईला पत्र दोनदा वाचायला लावलं. पोर माझ्यावर गेली म्हटलं तर ती म्हणाली, डोकं मोठं असण्याचा आणि त्यात काही असण्याचा संबंध नसतो, पुरावा समोर खुर्चीत बसलाय.

पायात प्लास्टर, मशीन कसली चालवतो. टोपी हातानेच शिवली. मऊ कापड घेतलंय आणि शिवण बाहेरून, कपाळाला टोचायची नाही. आजच टपालात टाकतोय. नातीचं तोंड पाहिल्याशिवाय हा पाय बरा होईलसं वाटत नाही.

तुझा बाबा

१० फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहिते. मोठ्या कौतुकाने नर्सबाईंना फोनवर आकडा सांगितला, तर त्यांनी तो पुन्हा विचारून घेतला. आठवड्यात अर्धा-एक सेंटीमीटर वाढणं ठीक, अडीच म्हणजे डॉक्टरांनी बघायला हवं, म्हणाल्या. डोकं फार झपाट्याने वाढलं तर कधी कधी आत पाणी साठलेलं असतं म्हणे.

मी पुन्हा मोजलं. पावणेपस्तीस. ज्या आकड्यावर परवा नाचले, त्याचीच आता धास्ती वाटते. चिंगी मात्र पोटभर पिऊन मजेत झोपलीय. सोमवारी बोलावलंय. आईला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमची बारकी

१२ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

आईला सांगितलं. माझ्या तोंडावरूनच तिने ओळखलं होतं. आम्ही दोघं दिवसभर एकमेकांना धीर देतोय, दोघांपाशीही तो नाही. डॉक्टर म्हणतील ते कर आणि लगेच कळव. मला या पायाचा इतका राग कधी आला नव्हता.

तुझा बाबा

१५ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाचा: चिंगी ठणठणीत आहे.

आम्ही निघतानाच तुमची टोपी आली. गारठा होता म्हणून तिला घालूनच नेली. दवाखान्यात पोचेपर्यंत टोपी हनुवटीपर्यंत उतरली होती. नर्सबाईंनी ती काढून डोकं मोजलं, तर तेहतीस. त्या मला म्हणाल्या, तुम्ही कसं मोजता ते दाखवा बघू.

मी टेप गुंडाळली आणि हात आपोआप गेला, तुम्ही शिकवलंत तसा. टेपखाली दोन बोटं. गळ्याचं माप असो की छातीचं, गिऱ्हाइकाला श्वास घेता आला पाहिजे, हे तुमचं वाक्य लहानपणापासून कानात बसलंय. मी चक्क पोरीच्या डोक्याला श्वास घ्यायला जागा सोडत होते.

नर्सबाई हसून हसून खुर्चीत बसल्या. टेप डोक्याला अलगद टेकलेली हवी, सैल नको, असं त्यांनी पुन्हा मोजून दाखवलं. डॉक्टरांनीही नीट तपासलं आणि वाढ अगदी हवी तशी आहे म्हणाले. वजनही दोन किलोच्या वर गेलंय. हे बाहेर बाकावर बसून रडत होते, ते मी पाहिलंच नाही असं त्यांना वाटतंय.

तुमची, हात आखडून बसलेली, बारकी

१९ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि जीव भांड्यात पडला. आई देखील हसत हसत डोळे पुसत होती.

टोपी लहान करू नकोस. तू दोन बोटं सोडलीस, त्यावर मी माझी दोन सोडली. लहान मुलांचं नेहमी वाढत्या अंगाचंच शिवायचं असतं. तेव्हा टोपी डोक्याला नीट बसेपर्यंत चिंगीला खाऊपिऊ घाल.

काल प्लास्टर निघालं. आम्ही रविवारी येतोय. टेप आणायची नाही, अशी आईची सक्त ताकीद आहे. नाही आणणार. तू झालीस तेव्हाही मी टेप लावली नव्हती. नुसती हातावर घेतली, तर कोपरापासून मनगटापर्यंतच पुरलीस. म्हणून तर तू बारकी. चिंगी कुठवर पुरते ते तेवढं मी मोजणार आहे. त्या मापात मात्र बोटभरही सैल सोडणार नाही.

रविवारपर्यंत लोभ सांभाळून ठेव, येऊन वसूल करतो.

तुझा बाबा