बाबाचं वाक्य कन्फर्म कोण करणार

बाबा, तुझं कार्गोचं काम कॅनडातल्या एका मासिकात छापून आलंय. मी लिहिलं, इंग्लिशमध्ये, आणि त्यांनी मला त्याचे पैसे दिले. आईने आधी डॉलरचे दिरहम केले, मग दिरहमचे रुपये, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढे? खोकी भरण्यावर लिहायचे?"

तू गेलास तेव्हा मी नववीत होते. आता शारजातच एका ऑफिसात जाहिरातींची कॉपी लिहिते. पण मला खरं लिहायचं होतं आणि त्याचे पैसेही हवे होते, म्हणून कॅनडाची मासिकं धरली. का कॅनडा? कारण आपल्या बिल्डिंगमधलं अर्धं पब्लिक तिकडेच गेलंय. आपली संध्याकाळ म्हणजे त्यांची सकाळ. ऑफिसातून येऊन चहा पिता पिता पिच पाठवली की एडिटर लॅपटॉप उघडतो तेव्हा माझी मेल वरच, अशी माझी थिअरी. पिच म्हणजे काय, तर काय लिहिणार आणि ते मीच का लिहिणार, हे एका मेलमध्ये सांगायचं. अर्ध्या मासिकांना फक्त तिथे राहणारेच लेखक हवे असतात. काही जण म्हणतात, पैसे नाहीत पण तुझं नाव होईल. त्यांना मी यादीतून सरळ खलास करून टाकलं. उरलेल्यांना काय काय पाठवलं, विचारू नकोस. मॉलमधल्या आइस रिंकवर पाठवलं, मेपल सिरप घातलेल्या शिऱ्यावर पाठवलं. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. शेवटी आठवीत टोरंटोला गेलेली माझी मैत्रीण फोनवर वैतागली. "Dude, आम्हाला स्नो तू सांगणार? तिथून माणसं निघतात कशी, ते सांग ना. ते इथे कोणालाच माहीत नाहीये."

आणि मला तू आठवलास, टेपगन घेऊन.

तो शुक्रवार. आई ड्युटीवर आहे, म्हणून तू मला अल मजाज भागातल्या एका फ्लॅटवर, पॅकिंगच्या कामाला बरोबर घेऊन गेलायस. खाली लगूनचं, खाडीचं पाणी चमकतंय आणि वर कॅनडाला निघालेल्या एका काकूंचं सगळं घर जमिनीवर पसरलंय. तू आणि ट्रकवाले चाचा बबल रॅप फाडताय. काका घरमालकाचा हिशोब मिटवायला गेलेत, आणि तेवढ्यात काकू स्टुलावर चढून दारावरची बेल काढतायत, स्क्रूड्रायव्हरने. तुला म्हणतात, "भाऊ, टॉवेलात गुंडाळा. ह्यांना सांगू नका." तू काही न विचारता गुंडाळतोस आणि खोक्यावर लिहितोस, 'किचन, मिक्स'. मी हसायला लागते. तू मला हाताला धरून जिन्यात नेतोस आणि असा ओरडतोस की माझं हसणं तिथेच संपतं. "माणसाचं घर आज उघडं पडलंय. इथे बघितलेलं इथेच सोडायचं. शाळेत जाऊन सांगितलंस तर बघ." परत येताना मला कारक चहा पाजलास, पण काकूंचा विषय काढू दिला नाहीस.

'इथे बघितलेलं इथेच सोडायचं', त्या वाक्यावर मी सगळा लेख उभा केला. शेकडो घरं बांधून पाठवणारा आणि तोंड बंद ठेवणारा माणूस. बेलवाल्या काकूंना आधी व्हॉट्सअॅपवर विचारलं. त्यांनी हसण्याच्या दहा इमोजी पाठवल्या आणि लिहिलं, "लिही गं. ह्यांना आता कळलं तरी काय करणार?" एडिटरने पिच घेतली, लेख घेतला. मी उड्या मारल्या. मग फॅक्ट-चेकरची मेल आली. तिथे हे वेगळं काम असतं, लेखातल्या प्रत्येक माणसाला विचारून खात्री करतात. तुझ्या नावापुढे तिने लिहिलं होतं, 'संपर्क?' मी लिहिलं, ते वारले. तिने फार नम्रपणे कळवलं, मग हे वाक्य ऐकलेलं दुसरं कोणीतरी लागेल. एडिटरने फोनवर आणखी स्पष्ट सांगितलं. वाक्य गेलं तर सुरुवात गेली, आणि सुरुवात गेली तर हा लेख तिला घेता येईल असं वाटत नाही.

बाबा, पहिल्यांदाच कोणीतरी माझं काही घेतलं होतं. मी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून इंडस्ट्रियल एरियात गेले. चाचा अजून त्याच गोडाऊनमध्ये आहेत, दाढी पांढरी झालीय. रत्नागिरीचा मासा अजून मिळत नाही, ही तक्रार तीच. मी विचारलं, "चाचा, ती बेल आठवते? बाबा जिन्यात काय बोलला होता?"

"आठवतंय ना! तुला असा झापला होता की मीच खोका सोडून बाहेर आलो. बघितलेलं इथेच सोड, म्हणाला."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात चाचांना हसू फुटलं. "आणि स्वतः? अगो बाय, ट्रकचं दार लावलं की तुझ्या बापाचा रेडिओ चालू! कुणी काय लपवलं, कुठली बाई माठ नेते, कुठला साहेब जिमचं मशीन नेतो आणि पोट इथेच का ठेवत नाही. गोडाऊन येईपर्यंत माझं पोट दुखायचं."

"मग मला का ओरडला?"

"तू शाळेत सांगितलं असतंस. मी कोणाला सांगणार? उंटाला?"

मी त्या खोक्यांवर बसून इतकी हसले की तिथली पोरं बघायला लागली. फॅक्ट-चेकरचा फोन चाचांनी स्पीकरवर घेतला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "Yes madam. Outside, mouth closed. Inside truck, full open." मला लेखाचा शेवट बदलावा लागला. माझा तो गप्प, गंभीर बाबा गेला आणि तू आलास. एडिटर म्हणाली, आता जास्त चांगला झालाय. मलाही तसंच वाटतं. तू घरी पण एवढा बोलत असशील, पण बहुतेक मी कानात इयरफोन घालून बसलेली असायचे.

हे तुला लिहिलेलं काही मी कुठे पाठवणार नाहीये, म्हणजे कोणी चेक पण करणार नाही. एडिटरला मी कळवलंय की दर शुक्रवारी चाचांकडे जातेय, दुसऱ्या लेखाचं मटेरियल जमवतेय. तसं काही नाहीये. वही पण नेत नाही. नुसती ट्रकमध्ये पुढे, तुझ्या सीटवर बसते आणि म्हणते, चाचा, अजून एक.