साकारिसच्या दोराचं गाणं

हामरावीक, फेरो बेटे
१ डिसेंबर २०२५

प्रिय साकारिस,

तुझी तब्येत ठीक आहे असं धरून चालतो. नसती तर तुझ्या मुलीनं कळवलं असतं. मी दरवर्षी नाताळच्या आठवड्यात लिहितो, यंदा लवकर लिहितो आहे. तिकडचा, कोपनहेगनच्या सरकारचा पोस्टमन वर्ष संपलं की पत्रं टाकणंच बंद करणार, असं रेडिओवर ऐकलं. खरं का? मग लोकांनी काय करायचं? पत्र वाटेतच अडकलं तर, या धास्तीनं दोन रात्री झोप नाही.

इकडे वाऱ्यानं मांस वाळवायच्या खोपटाच्या तीन फळ्या उचकटून नेल्या. मेंढ्या बऱ्या आहेत. माझी एक दाढ गेली, त्यामुळे वाळवलेलं मटण आता कागदासारखं पातळ कापून तोंडात धरून बसावं लागतं. कापतो तुझ्याच सुरीनं. पात्याची धार झिजून निम्मी झाली आहे, पण मूठ तशीच आहे.

आता मुख्य गोष्ट. तुला बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून कळलेली बरी.

गावच्या नाचमंडळानं जुन्या थट्टागीतांचं पुस्तक काढायचं ठरवलं आहे. मंडळाची चिटणीस सुनेवा, म्हणजे तुझ्या भावाची, एयुनची नात. पोरगी चांगली आहे, पण एक गोष्ट डोक्यात घेतली की सोडत नाही. पुस्तकात पहिलंच गाणं तुझं आहे. सगळी अठ्ठावीस कडवी, तुझ्या नावासकट. वर चित्र, दोराला लोंबकळणारा माणूस आणि त्याच्या पायाखाली वीतभर अंतरावर गवत. तेच चित्र भांडी पुसायच्या फडक्यांवर छापून उन्हाळ्यात बोटीनं येणाऱ्या पाहुण्यांना विकणार आहेत. फडक्यांवर, साकारिस!

मी तिला म्हटलं, "अगं, तो माणूस जिवंत आहे."

"हानुसआजोबा, एकोणनव्वद वर्षांचे आहेत ते. आता हसतील."

"तू ओळखत नाहीस त्याला."

"मग तुम्ही ओळख करून द्या की! एवढी वर्षं पत्रं लिहिता, एकदा बोलवा त्यांना नाचाला."

मी विचारलं, कुणाच्या परवानगीनं छापता? तर तिनं मला कायदा समजावून सांगितला, जसा वासराला दूध पाजतात तसा. कर्ता माहीत असेल तर गाणं त्याचं, आणि तो मेल्यावर आणखी सत्तर वर्षं त्याच्या वारसांचं. कर्ता माहीत नसेल तर पहिल्यांदा लोकांसमोर म्हटलं त्या वर्षाच्या अखेरीपासून सत्तर वर्षं थांबायचं. मग ते सगळ्यांचं, कुणीही छापावं, कुणीही विकावं. तुझं गाणं पहिल्यांदा म्हटलं ते १९५५ साली, उपासाचे दिवस लागायच्या आधीच्या शेवटच्या नाचात. म्हणजे येत्या एक जानेवारीला ते मोकळं होणार. आणखी एकतीस दिवस.

माझा तिच्यावर विश्वास बसेना. कोपनहेगनच्या सरकारी कचेरीत फोन लावला, तर ते म्हणाले, हे तुमच्या बेटांच्या संसदेचं खातं, तिकडे विचारा. तोर्शहाव्नच्या कचेरीत लावला, तर आधी एक दाबा, दोन दाबा. अर्ध्या तासानं एक बाई आल्या.

"आपण कर्त्याचे वारस का?"

"नाही."

"ज्याच्यावर गाणं आहे ते आपण?"

"नाही हो."

"मग आपला संबंध काय?"

मग त्याच म्हणाल्या, "कर्ता स्वतः पुढे आला तरच गोष्ट वेगळी. वर्ष संपायच्या आत त्यानं आपलं नाव जाहीर करायचं."

"त्याचा काही अर्ज असतो का?"

"अर्ज-बिर्ज काही नाही. नाव सांगायचं, बस."

अर्ज असता तर बरं झालं असतं. अर्ज हरवतो, परत येतो, एखाद्या टेबलावर पडून राहतो. या कायद्यात नेमकी हीच एक गोष्ट सोपी ठेवली आहे. मला संताप आला आणि मी फोन आपटला. मग परत उचलून नीट ठेवला, कारण तो मुलाचा आहे.

सुनेवा परवा पुन्हा आली होती. विचारत होती, "तुमच्या पिढीतलं कुणाला तरी ठाऊक असेलच ना, कुणी रचलं ते? आमच्या घरात सगळे आजोबांचंच नाव घेतात. पण ते तर शेवटपर्यंत 'मी नव्हे' म्हणून मान हलवायचे."

मी म्हटलं, "मला काय ठाऊक? मी तिसरी नापास."

साकारिस, हेच वाक्य मी तुलाही म्हटलं होतं. आठवतं?

कड्यावर आपण तिघंच होतो. तू खाली दोरावर, वर दोर धरून एयुन आणि मी. धुकं उतरलं, दोर खडकात अडकला, आणि तू तीन तास लोंबकळत राहिलास. खाली समुद्र आहे असं तुलाही वाटलं, आम्हालाही. तू ओरडून निरवानिरव केलीस. बूट आईला, सुरी हानुसला, आणि प्रार्थनेचं पुस्तक अजून कधी न भेटलेल्या बायकोला. धुकं विरलं तेव्हा तुझ्या पायाखाली वीतभर अंतरावर गवताचा रुंद पट्टा होता, आणि ज्याच्यासाठी उतरला होतास तो मेंढा तिथे रवंथ करत तुझ्याकडे बघत होता. आपण तिघंही हसलो होतो तेव्हा. तू सर्वांत जास्त.

दोन महिन्यांनी ते गाणं झालं. रीतीप्रमाणे ज्याच्यावर गाणं त्याला दोघांनी दोन्ही हातांना धरून कडीत नाचवायचं, गाणं संपेपर्यंत सोडायचं नाही. तुझा उजवा हात कोणी धरला होता ते मी विसरलो. डावा माझ्या हातात होता. चौथ्या कडव्याला तो ओला झाला, दहाव्याला थंड पडला. तू मला विचारलंस, "तू की एयुन? तिसरं कुणी नव्हतं." गाणी रचणारा एयुनच होता, सगळ्या गावाला माहीत होतं. आणि मी म्हटलं, "मी तिसरी नापास, मला चार ओळी तरी जुळवता येतील का?"

त्या गाण्यापायी तू गाव सोडून बोटीनं गेलास त्या सकाळी माझ्या उंबऱ्यावर तुझी सुरी ठेवलेली होती.

एक गोष्ट मी तुला कधी विचारली नाही, कारण तू कधी विचार केला असशील की काय याची मला भीती वाटायची. गाण्यात ते कडवं असं आहे:

बूट माझे आईला द्या,
सुरी द्या पाद्र्याला,
आणि सांगा मेंढ्याला की
गेलो मी स्वर्गाला.

पाद्र्याला, साकारिस. तू पाद्र्याचं नाव घेतलं नव्हतंस. तू माझं घेतलं होतंस. अठ्ठावीस कडव्यांत एवढी एकच गोष्ट खोटी आहे. एयुनला ती बदलायचं काय कारण होतं?

त्याला पहिल्या रात्रीच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी मेंढवाड्यापाशी मला म्हणाला, "हानुस, नवव्या कडव्यात चाल लंगडतेय. माझ्या नावावर खपवायचं तर निदान पाय तरी सरळ कर." मी रडलो. म्हटलं, मी सांगतो त्याला. तर म्हणाला, "आता नको. तो निघालाय. तिकडे परक्या मुलखात त्याला इथला एक तरी माणूस लागेल, पत्र लिहायला. माझ्यावर रागावलाय, तर राहू दे." मला ते ऐकून बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं. तुमच्या आईच्या मातीला तू आलास, धक्क्यावर कुणीतरी त्या चालीची शीळ घातली, आणि एयुन हात पुढे करून उभा असताना तू तसाच बोटीत चढलास. तेव्हाही मी त्याच्या शेजारी उभा होतो. तो मेला त्याला एकतीस वर्षं झाली. त्यानंतर मी तुला एकतीस नाताळपत्रं लिहिली, आणि सगळी हवापाण्याची.

का रचलं? तू विचारशील. मला तेव्हा धड वाचता लिहिता येत नव्हतं, एयुनच्या गाण्यांवर लोक नाचायचे आणि मी नुसता पाय आपटायचो. एकदा माझ्या शब्दांवर जमीन हलावी असं वाटलं. हलली. अजूनही ते म्हणतात तेव्हा आनंदानं माझा पाय ठेका धरतो, आणि त्याच क्षणाला कान झाकून घ्यावेसे वाटतात. सत्तर वर्षांत एकदाही नुसतं एकच झालं नाही.

सोबत एक कागद आहे. कायद्याची भाषा मला जमेना म्हणून मुलाकडून लिहून घेतला, पण सही माझी आहे, वाकडी असली तरी. त्यात म्हटलं आहे की हे गाणं मी रचलं, एयुननं नाही, आणि माझे सगळे हक्क मी तुला देतो. म्हणजे छापायचं की नाही, फडकी विकायची की नाही, हे तू सांगशील. तू गेल्यावर तुझी मुलगी. बाईंना पुन्हा फोन करून विचारलं, चालतं म्हणाल्या. दुसरी प्रत आज दुपारीच सुनेवाच्या हातात देणार आहे. तुझ्या उत्तराची वाट पाहिली तर मी पुन्हा तिसरी नापास होईन, स्वतःला ओळखतो. ती आजोबांचं ऐकून रडेल. रडू दे. त्याच्यासाठी कुणी रडलं नव्हतं.

सुरीही पाठवणार होतो. पोस्टात धारदार वस्तू घेत नाहीत.

उत्तर आलं नाही तर मी पोस्टमनला दोष देणार नाही.

तुझा डावा हात धरणारा,
त्या गाण्याचा कर्ता,
हानुस