लाल दोऱ्याचं रीळ

१९ नोव्हेंबर, दुपारी
गाडीतून

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. गाडी हलतेय म्हणून अक्षर नाचतंय, सांभाळून घे.

हे पत्र मी उद्या स्टेशनवर तुझ्या हातात देणार आहे. समोर असताना पत्र कसलं देतेस, म्हणशील. पण तोंडाने मला जमणार नाही. आईसमोर मात्र उघडू नकोस.

आज एका लहानशा शहरात गाडी अडकली. पुढे रुळांचं काम निघालं होतं. गार्ड म्हणाला, "खुशाल फिरून या. निघण्याआधी तीनदा भोंगा वाजेल." आई लगेच चपला घालून तयार! मी पाण्याच्या टाकीकडे वळून वळून बघत होते, स्टेशनची खूण चुकू नये म्हणून. आई मात्र माहेरी आल्यासारखी चालत होती. दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होती, बंद पडलेल्या थिएटरच्या पायऱ्यांवर बसून बघत होती. छान होतं गं शहर. पुलाखाली संथ नदी, कठड्यावर वाळत घातलेल्या चादरी.

मी केळी घ्यायला थांबले. सुटे पैसे घेऊन वळले, तर आई नाही.

पुलावर धावले, परत आले. दिसेल त्याला विचारत सुटले. एक न्हावी दारात उभा होता. "पांढरे केस, कापडी पिशवी? कापडाच्या गल्लीत गेल्या." तेवढ्यात पहिला भोंगा वाजला. ताई, तेव्हा मनात एकच आलं, तुला आता काय सांगू? ज्या कारणासाठी मी तिला तुझ्याकडे आणतेय, तेच वाटेत घडलं.

हो, कारण आहे. फोनवर मी "महिनाभर, हवापालट" म्हणाले. शेजारच्या काकूंनी तिला दोनदा रस्त्यावरून घरी आणलंय, हे नाही सांगितलं. मी औषधांच्या कारखान्यात पाकिटं भरते आणि डोक्यात सारखं, गॅस बंद असेल ना? दार लावलं असेल ना? मला आता एकटीने होत नाही गं.

ती एका शिंप्याच्या दुकानात सापडली, स्टुलावर बसलेली.

"अशी कशी हरवतेस गं?" मलाच ओरडली. "कधीची वाट बघतेय!"

शिंपी हसला. "घेऊन जा बाई. माझ्या चार शर्टांची शिलाई नापास केलीय यांनी."

दुसरा भोंगा. तिच्या मुठीत काय आहे ते बघायलाही वेळ नव्हता. तिसऱ्याला आम्ही गाडीच्या दारात होतो. एका प्रवाशाने तिला वर ओढलं.

धाप ओसरल्यावर तिने मूठ उघडली. लाल दोऱ्याचं रीळ.

चाळीतल्या सामाईक दोरीवर कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून आई कॉलरच्या आत रंगीत टाका घालायची, आठवतं? तुझा लाल, माझा हिरवा. आपली घरं वेगळी झाल्यावरही ती सवय गेली नाही. माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिने स्वतःच्या सगळ्या कपड्यांना हिरवा घातला होता. आता ती तो उसवून लाल घालत होती.

"आई, महिन्याभरासाठी कशाला?"

"महिन्याभरासाठी कुणी माझे सगळे स्वेटर आणि तुझ्या बाबांचा फोटो बांधून घेतं का?" मान वर न करता म्हणाली. "ताईला सांगितलंस?"

"नाही."

"मग सांग. ती नाही म्हणाली तर मला परत उसवायला लावू नका. डोळे दुखतात."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

आता अर्धी बॅग लाल झालीय. एक शाल तेवढी तिने बाजूला ठेवली, हिरव्या टाक्याची. "ही असू दे," म्हणाली. "तुझ्याकडे येण्याजाण्याला."

ताई, आईसमोर उघडू नकोस असं वर लिहिलंय, ते मनावर घेऊ नकोस. आईसमोरच वाच. जे काय म्हणायचं ते तिला ऐकू येईल असं म्हण. मी तिथेच उभी असेन.

तुझी,
हिरव्या टाक्याची धाकटी