आठ ओळींतलं पाणी

प्रताप नगर, नागपूर

आईले दीप्तीचा पाया पडून नमस्कार.

मी मजेत आहे, डबाही बरा भेटते. बाबांचे गुडघे कसे आहेत?

आपल्या गावच्या पाण्यावरचा माझा शोधनिबंध झाला वं. त्याचा सारांश मी पाण्याचं महत्त्व सांगून सुरू केला होता. माझ्या गाईड मॅडमनी सगळं खोडलं. म्हणाल्या, "सापडलं काय, ते आधी सांग." मग इतक्या वर्षांचं काम आठ ओळींत मावलं. समुद्रापारचा माणूसही तेवढंच वाचून आपलं गाव ओळखेल.

अन् या पत्रात पुन्हा तीच चूक करून राहिली. फोनवर सांगवलं नाही. पहिली ओळ ही आहे आई: अंगणातल्या बोअरचं पाणी पिऊ नका. त्यात हाडं आखडवणारं फ्लोराइड लय निघालं; त्यानंच बाबांचे गुडघे धरले असतील.

तुझी,
दीप्ती