वाइड पडेल की नाही, आणि कुडाळचे घर

मी, नर्मदा दत्तात्रय केळुसकर, वय अठ्ठ्याहत्तर, तर्कशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, सध्या मुक्काम ऊद मेथा, दुबई, माझ्या मिळकतीची व्यवस्था स्वखुशीने लिहून ठेवते. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यावरही ज्याचा विश्वास नसेल, त्याने खालील युक्तिवाद खोडून दाखवावा.

कलम १. कुडाळचे माझे स्वकष्टार्जित घर माझ्या पश्चात माझी सून प्रज्ञा हिच्या एकटीच्या मालकीचे होईल. ते विकण्यास अथवा गहाण ठेवण्यास माझी मुलगी वैभवी हिची लेखी संमती लागेल. माझा मुलगा विघ्नेश याला तेथे तहहयात राहता येईल. मालकी मिळणार नाही. कारणे देते.

विघ्नेश फुजैऱ्याच्या एका तेल टर्मिनलवर नोकरी करतो आणि फोनवरून क्रिकेटवर पैजा लावतो. असली चोरटी पैज येथे पकडली गेली तर नोकरी आणि व्हिसा दोन्ही जातील, हे तो जाणतो. "आई, मॅच कोण जिंकणार यावर मी लावतच नाही," असे तो मला समजावतो. "पुढच्या ओव्हरमध्ये वाइड पडेल का, पहिला चौकार कोण मारेल, एवढंच. छोटा प्रश्न, छोटी रिस्क."

हे अनुमान सदोष आहे. सामना फिरवायला अनेकांना फितवावे लागते. वाइड टाकायला एकच गोलंदाज पुरतो. प्रश्न जितका लहान, तितके त्याचे उत्तर विकत घेणे सोपे. शिवाय समसमान शक्यतेच्या प्रश्नावर शंभर दिरहम लावून जिंकणाऱ्याला नफा नव्वदचाच मिळतो. उरलेले दहा कोण ठेवतो, असे मी विचारले. "आई, तू पण ना! यल्ला, चल, जेवायला वाढ." हे उत्तर नव्हे.

मी मृत्युपत्र करणार हे कळताच गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. "वाटणी तुला हवी तशी कर. फक्त एवढं सांग, पहिलं नाव कोणाचं? माझं की प्रज्ञाचं?"

ज्याला वाटणीची पर्वा नाही, त्याला क्रमाची का असावी? मला संशय आला. "तुझं," मी म्हणाले, आणि अन्य कोणाशीही बोलले नाही. दुसऱ्याच दिवशी त्याचा टर्मिनलमधला मित्र प्रकाश फोनवर: "काकू, पहिलं नाव विघ्नेशचंच ना? पक्कं? मग खलास, ठरलं, मीपण लावतो!"

माझ्या मरणानंतर उघडायच्या कागदावर फुजैऱ्यात पैजा लागल्या होत्या. कलम १ मध्ये पहिले नाव प्रज्ञाचे आहे; हरल्याचा दोष त्या दोघांनी खुशाल मला द्यावा. उत्तर एकाच बाईच्या हाती आहे, हे ठाऊक असूनच त्यांनी पैसे लावले.

संशय मी प्रज्ञावरही घेतला. तिला घर देऊ केले तेव्हा ती म्हणाली, "नको, आई. तो माझ्याकडे मागेल आणि मी देऊन टाकीन. मला ओळखता ना तुम्ही?" स्वतःच्या हिताविरुद्ध दिलेली ही साक्ष खोटी मानायला मी बरेच दिवस कारण शोधले. सापडले नाही. म्हणून घर तिला, आणि तिने स्वतः सांगितलेल्या दोषावर उपाय म्हणून वैभवीची संमती.

कलम २. सोन्याच्या बांगड्या व बँकेतील ठेव वैभवीस. भावाला 'नाही' म्हणण्याचे काम तिच्याकडे आहे, त्याचा हा मोबदला समजावा.

कलम ३. माझा कॅरमबोर्ड प्रकाशने नेला आहे. तो परत आणून आमच्या इमारतीतील मुलांना द्यावा.

कलम ४. माझ्या शेजारणी अपर्णा रेगे व आभा तेंडोलकर या साक्षीदार आहेत. त्यांना यातून काहीही मिळत नाही. तरीही मी दोघींना विचारले की, या कागदाबद्दल तुमच्याकडे कोणी काही चौकशी केली काय? अपर्णा संकोचली. "काकू, सकाळी विघ्नेशचा मेसेज आला. 'आई निळ्या शाईने सही करते की काळ्या, एवढं बघून सांग.'"

सबब मी सही करत नाही.

नर्मदा दत्तात्रय केळुसकर, एम. ए.
निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची

आमच्यासमक्ष अंगठा उठवला. बाईंना लिहिता येते, हे आम्हांस माहीत आहे.
१. अपर्णा रेगे
२. आभा तेंडोलकर

ऊद मेथा, दुबई
१२ एप्रिल २०२५